लेबल गेलेल्या अकरा तबकड्या: 78 च्या संग्राहकांना खुले पत्र

महाराष्ट्रातल्या, गोव्यातल्या आणि जिथे कुठे असाल तिथल्या समस्त तबकडीवाल्यांना,

सप्रेम नमस्कार.

समोर टेबलावर अकरा तबकड्या, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या जुन्या लाखेच्या ग्रामोफोन रेकॉर्ड, मांडून हे पत्र लिहितोय. सगळ्या दहा इंची. मधोमध लेबल असायला हवं तिथे फिकट राखी रंगाचा गोल आहे, बस्स. कुत्रा नाही, कर्णा नाही, गायकाचं नाव नाही, राग नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. आमचं घर गावभागात, आणि माझा तबकड्यांचा ठेवा तळमजल्यावर, वडिलांच्या शिसवी कपाटात. आम्ही माणसं, गॅस सिलिंडर आणि देव वर नेले. तबकड्या न्यायला वेळ मिळाला नाही, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी आठवणही झाली नाही. 340 तबकड्या सहा दिवस पाण्यात होत्या.

लाखेची तबकडी पाण्याला तशी दाद देत नाही. फुगलं ते कपाट, लगदा झाला तो कागदी पाकिटांचा. पण लेबलं खळीनं चिकटवल्यासारखी सुटून आली. ती गाळात, गाळ फावड्यात आणि फावडं ट्रॅक्टरमध्ये. उरल्या त्या काळ्या, मुक्या तबकड्या, आणि त्यातल्या सुमारे दोनशे कुणाच्या आहेत ते मला सांगता येईना. दोन पिढ्या जमवलेला संग्रह, आणि मालकाला काय आहे तेच माहीत नाही! त्या आठवड्यात मला कळलं की मी इतकी वर्षं तबकड्या वाचत होतो, ऐकत कमी होतो.

पहिला मूर्खपणा मी चिखल काढताना केला. कापसाचा बोळा आणि औषधांच्या दुकानातलं स्पिरिट. इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं स्पिरिटनं पुसतात, म्हणून हेही. तिसऱ्या फेरीला बोळा तपकिरी झाला आणि तबकडीचा चकाकता भाग धुरकट. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. गल्लीतल्या सुतारालाही हे ठाऊक असतं. तो चपडा स्पिरिटमध्ये घोळवूनच तर पॉलिश करतो. साधं पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश आणि खाचेच्या दिशेनं गोल हात, एवढंच काम होतं. चार तबकड्या मी स्वतःच्या हातानं मारल्या. पुरानं नव्हे.

मग मी कोल्हापूरच्या काकांना फोन केला.

त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. आपल्यातले बरेच जण ओळखतील. निवृत्त पोस्टमन, दोन खोल्यांचं घर आणि त्यात अठराशे तबकड्या. मी म्हणालो, काका, लेबलं गेली. ते म्हणाले, "आकडा आहे ना? मग रडतोस कशाला?"

नव्यानं हे वाचणाऱ्यांसाठी थोडं थांबतो, कारण आपल्यातल्या जाणत्यांना जे नखावर माहीत असतं ते बाहेर कुणालाच माहीत नसतं. तबकडीवर दोन क्रमांक असू शकतात. लेबलावरचा क्रमांक दुकानदारासाठी, यादीतून मागवण्यासाठी. एचएमव्हीच्या एन मालिकेचा, कोलंबियाच्या जीई मालिकेचा, ट्विनच्या एफटी मालिकेचा, असा तो असतो. दुसरा क्रमांक साच्याचा. गाणं आधी मेणाच्या जाड तबकडीवर कोरलं जायचं, त्यावर धातूचा थर चढवून त्याचा उलटा साचा घ्यायचा, आणि त्या साच्यानं गरम लाखेचा गोळा दाबायचा. त्या मेणावर जो आकडा टाकला तो शेवटच्या तबकडीपर्यंत उतरतो. खाचा संपतात आणि लेबल सुरू होतं त्या अरुंद पट्टीत तो दिसतो. काहींचा तर लेबलाखालीच दाबलेला असतो. पुरानं लेबल नेलं म्हणूनच माझ्या काही तबकड्यांचे असे आकडे उघडे पडले. लेबल छापणारा चुकू शकतो, दोन बाजूंची लेबलं उलटसुलट लागू शकतात, आणि लागलेलीही आहेत. साच्याचा आकडा मात्र त्या दिवशी त्या खोलीत जे गायलं गेलं त्याचाच असतो.

तर काका फोनवर, मी इकडे बॅटरी तिरपी धरून आकडे वाचतोय. मी वाचायचो, पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज यायचा. कधी वहीची गरजच पडायची नाही. कधी आकडा पुसट असला की म्हणायचे, "लाव आणि फोन कर्ण्यापाशी धर." दहाबारा सेकंदांत ते सांगत की हे मायक्रोफोनच्या आधीचं आहे, गायक कर्ण्यात तोंड घालून गातोय, तबला ऐकूच येत नाही बघ. 1925 नंतर जगात विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि पुढच्या दोनतीन वर्षांत आपल्याकडेही. त्या उंबरठ्याच्या अलीकडचं की पलीकडचं, हे त्यांना खरखरीवरून कळायचं. एकदा म्हणाले, "बुवांचा आवाज एवढा पातळ नाही. हळू कर." मी यंत्राची गती उतरवत नेली आणि 72 च्या आसपास आवाज अचानक माणसाचा झाला. आपण 78, 78 म्हणतो खरे, पण सुरुवातीच्या काळात प्रत्येक तबकडी 78 फेऱ्यांचीच असेल याची खात्री नव्हती. 72 ची तबकडी 78 वर लावली तर पेटीच्या काळी एक पट्टीत गाणारा गायक पांढरी दोनच्याही वर जातो. इंटरनेटवर आज जुन्या गायकांचे जे चिरके आवाज फिरतात, त्यातले निम्मे त्या बिचाऱ्यांचे नाहीतच. आपल्या यंत्राचे आहेत. (निम्मे हा माझा रागातला अंदाज. मोजलेलं नाही.)

तीन महिने, रोज रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास. दोनशेपैकी एकशे ऐंशीच्या वर तबकड्यांना नाव मिळालं. ज्यांना मिळालं नाही त्यातल्याच या अकरा.

1902 च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनं गायिका गौहरजानचं गाणं कोरलं आणि शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते, ही गोष्ट आपण सगळेच बैठकीत मिटक्या मारत सांगतो. त्यामागचं कारण साधं आणि व्यवहाराचं होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगारांना ही बाई कोण ते कळणार कसं? 1908 साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, पुढे ती प्रथाही मावळली. म्हणजे नाव हरवेल ही भीती या धंद्याला पहिल्या दिवसापासून होती. माझ्या दोनशे मुक्या तबकड्यांत एकच अशी निघाली जी शेवटी स्वतःचं नाव सांगत होती. तेही अर्धं, उरलेल्या अर्ध्यावर चरा.

आता मुद्द्यावर येतो. काका 2022 च्या हिवाळ्यात गेले.

त्यांच्या घरच्यांना मी दोष देत नाही, तुम्हीही देऊ नका. दहा इंची तबकडी साधारण 200 ग्रॅमची. अठराशे तबकड्या म्हणजे साडेतीन क्विंटलच्या वर वजन, दोन खोल्यांत. मुलगा भाड्याच्या फ्लॅटमध्ये, चौथा मजला. त्यानं दोनतीन जणांना फोन केले. आपल्यातल्याच. एकानं सांगितलं, "निवडून पन्नास घेईन." दुसरा म्हणाला, "आधी यादी पाठव." यादी करायला त्याला येत होती कुठे? शेवटी जुन्या वस्तूंचा व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि सगळं उचलून घेऊन गेला. आपण हळहळलो. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकली. आणि पुढच्या महिन्यात आपल्यातलेच चारजण त्या व्यापाऱ्याच्या दारात उभे होते. मीही होतो. मीही सात घेऊन आलो.

तबकड्या फिरून आपल्याकडेच आल्या, म्हणून त्यांचं मला तितकं दुःख नाही. एका साच्यातून शेकडो, हजारो प्रती निघायच्या. कुठे ना कुठे एखादी तगलेली असते. केसरबाई केरकरांच्या भैरवीचंच बघा. 1977 मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांसोबत पाठवायला ती निवडली गेली आणि प्रत काही मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात तीन प्रती निघाल्या, असं त्या प्रकल्पातल्या मंडळींनीच लिहून ठेवलंय. गोव्यातल्या केरीच्या बाईंचा आवाज आज ग्रहांच्याही पलीकडे, ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे तो एका दुकानदारानं खोकं फेकून दिलं नाही म्हणून. प्रतींचं असं असतं.

वह्यांच्या प्रती नसतात. काकांच्या चौदा वह्या होत्या, शाळेच्या दोनशेपानी. डाव्या पानावर साच्याचा आकडा, उजव्या पानावर गायक, चीज, राग, साथीला कोण असावं याचा तर्क, कोणत्या गतीला आवाज खरा वाटतो, आणि तबकडी कुठे, कुणाकडून, किती रुपयांना घेतली. त्या वह्या रद्दीत गेल्या. मी मुलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पोस्टाच्या हिशोबाच्या वाटल्या हो." माझ्या या अकरा तबकड्यांपैकी किमान पाचसहांची नावं त्या वह्यांत होती, असं मला वाटतं. काका म्हणाले होते, "यांचं नंतर सांगतो, शोधावं लागेल."

त्या तीन महिन्यांत मी त्या वह्यांचे फोटो का काढले नाहीत? कोल्हापूर सांगलीहून तासाभराच्या अंतरावर आहे. फोन खिशात होता. हा प्रश्न मी स्वतःला विचारतो तेव्हा जे उत्तर येतं ते मला आवडत नाही, पण लिहितो. मला वाटायचं, काका आहेत ना. आणि दुसरं, थोडं आतलं: वहीचा फोटो मागितला तर त्यांना वाटेल हा माझं धन काढून घेतोय. कारण आपल्यात तसंच वाटतं. आपण दिवाणखान्यात बसवून गाणं ऐकवू, पोहे खिलवू, पण तबकडी कुठून मिळाली विचारलं की "अशीच मिळाली हो". मिरजेत तंतुवाद्यवाल्यांच्या गल्लीपलीकडे एक बोळ आहे, तिथे एक म्हातारे गृहस्थ जुन्या तबकड्या ठेवायचे. दहा वर्षं मी तो पत्ता कुणाला सांगितला नाही. ते गेले, दुकान मोडलं, आणि मागच्या खोलीत काय होतं ते मलाही कळलं नाही, कारण एका माणसाला एका फेरीत जेवढं बघता येतं तेवढंच मी बघत होतो. चार जण गेले असते तर चार वेळा मागची खोली उघडली असती.

आणि आता ग्रुपवर काय चाललंय ते बघू. सकाळी सुविचार. मग कुणीतरी तबकडीचा फोटो टाकतो, लेबलावर बोट ठेवून, म्हणजे क्रमांक दिसू नये. खाली "वा!", "दुर्मिळ!", "किती?", आणि "खासगीत बोलू". एखादा जाणता खरोखर सुंदर माहिती लिहितो, की ही बाजू दोनदा मुद्रित झाली होती आणि हा दुसरा प्रयत्न आहे. संध्याकाळपर्यंत ती माहिती वाढदिवसाच्या केकांखाली गाडली जाते. सहा महिन्यांनी तोच प्रश्न, तोच जाणता, पण आता तो कंटाळलेला असतो आणि लिहितो, "यावर पूर्वी चर्चा झाली आहे." झाली असेल हो. कुठे आहे ती?

गेल्या वर्षी इस्लामपूरकडच्या एका मुलीनं ग्रुपवर आजीच्या ट्रंकेतल्या तबकडीचा फोटो टाकला. विचारलं, ही कशावर वाजते? घरात एलपीचं यंत्र होतं, त्यावर लावली तर नुसती खरखर येतेय. प्रश्न चांगला होता. एलपीची सुई बारीक, ती 78 च्या रुंद खाचेत तळाला जाऊन घासते; जाड टोकाची सुई वेगळी मिळते, ती बसवली की निम्मी खरखर जाते. दोन ओळींचं उत्तर. त्याऐवजी तिला मिळालं ते असं: "कॉमन आहे, शंभर रुपयांची पण नाही." "एलपीवर 78??" आणि खाली हसणारे सहा चेहरे. आणि तिघांनी परस्पर विचारलं, ट्रंकेत अजून काय आहे. दुसऱ्या दिवशी ती ग्रुप सोडून गेली. मी नंबर शोधून फोन केला. ती म्हणाली, "काका, मला विकायची नव्हती. वाजवायची होती." बोलता बोलता कळलं की ट्रंकेत आजोबांची एक डायरीही आहे, त्यात प्रत्येक तबकडी कोणत्या तारखेला, कोणत्या दुकानातून घेतली ते लिहिलंय. अशी डायरी बघायला आपल्यातला कुणीही एसटीनं रात्रभर प्रवास करून जाईल. आणि आपण तिला हसून घालवलं.

हसणं हा आपला मोठा रोग आहे. कुणी नवा माणूस झळझळीत पितळी कर्ण्याचा "अँटिक" फोनो विकत घेतो, तो नवाच जुळवलेला असतो, शोभेचा, हॉटेलात ठेवायचा. त्याचा साउंडबॉक्स (पिन धरून आवाज काढणारी डबी) जड, कर्ण्याचा कोन चुकीचा, आणि त्यावर चार वेळा लावलेली तबकडी पांढरी पडते. आपण त्याला मागून हसतो. तोंडावर सांगत नाही की बाबा, यावर चांगली तबकडी लावू नकोस, साधा झाकणाचा जुना पोर्टेबल बघ, त्याची स्प्रिंग मी बदलून देतो. एक पिन एकाच बाजूला वापरायची, पोलादी पिन तीन मिनिटांत झिजते आणि झिजलेली पिन म्हणजे कानस, हेदेखील कुणी कुणाला सांगत नाही. पूर्वी हे पिनांच्या डबीवर लिहिलेलं असायचं. डब्या आता आपण रिकाम्याच विकतो, चित्रासाठी.

एक गोष्ट आपल्यातल्याच काहींनी फार आधी ओळखली होती. 1990 मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स निघाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी ऐकण्याच्या बैठका भरवल्या, द रेकॉर्ड न्यूज नावाचं नियतकालिक चालवलं आणि त्यात तबकड्यांच्या याद्या छापल्या. तिकडे ऑस्ट्रेलियात बसून मायकेल किनियर यांनी भारतीय मुद्रणांच्या सूच्या केल्या, आकड्यांसकट. आज आपण मोठ्या तोऱ्यात "हा टेक दुसरा", म्हणजे मुद्रणाचा दुसरा प्रयत्न, म्हणतो ते पुष्कळदा त्या कामाच्या जोरावर. ते छापलेलं होतं म्हणून उरलं. पण मराठी नाट्यपदं, भावगीतं, पोवाडे, कीर्तनं, विनोदी नकलांच्या तबकड्या, मुंबईच्या यंग इंडियासारख्या देशी कंपन्यांचा माल, यातलं कितीतरी अजून कुणाच्या तरी दोनशेपानी वहीतच आहे. आणि ती वही ज्याच्या घरात आहे त्याचं वय सत्तरीच्या पुढे.

म्हणून तुमच्याकडे माझं मागणं आहे ते तबकड्यांचं नाही. तबकड्या ठेवा, कुलूप लावा, कपाटात उभ्या ठेवा (आडव्या रचू नका, तिरक्या तर मुळीच नको, उन्हाळ्यात वाकतात). वही उघडा. पान पान फोटो काढा, अक्षर वाईट असलं तरी, खाडाखोड असली तरी. दुकानाचा पत्ता आणि दिलेली किंमत झाकायची असेल तर खुशाल झाका. आकडा, गायक, गती, एवढं दिसू द्या. आणि ते फोटो किमान तीन घरांत असू द्यात, त्यातलं एक घर नदीकाठचं नसावं.

काहींना भीती आहे की माहिती दिली की लोक गाणीच इंटरनेटवर टाकतील आणि कंपनी नोटीस धाडेल. आपल्या कायद्यानं ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रकाशित झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. म्हणजे 1940 साली निघालेल्या तबकडीच्या मुद्रणावर आज कुणाचा हक्क नाही. शब्द आणि चाल यांचं गणित वेगळं, ते कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतं, तेव्हा भावगीत टाकताना जरा जपून. पण साच्याचा आकडा, गायकाचं नाव अशा नुसत्या माहितीवर कुणीच दावा सांगू शकत नाही. यादीला घाबरण्याचं कारण कायदा नाही. कारण आपल्याला ठाऊक आहे.

दुसरं मागणं घरच्यांसाठीचं. एक साधा कागद लिहा. मृत्युपत्र नको, वकील नको. "माझ्या मागे या तबकड्यांचं काय करायचं" असा. त्यात तीन फोन नंबर. कोणाला आधी विचारायचं, कोणाला अजिबात नाही. वह्या कोणत्या, कुठे आहेत, त्या रद्दी नाहीत. मी माझा कागद फ्रिजवर लावलाय. बायको म्हणाली, "हे काय अभद्र!" आणि मग वाचून म्हणाली की दुसरा नंबर ज्यांचा आहे ते तुमच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे आहेत. तिचं बरोबर होतं. बदलायला तरुण माणूस शोधायला बसलो तेव्हा लक्षात आलं की चाळिशीच्या आतलं एकही नाव माझ्याकडे नाही. एकच होतं. इस्लामपूरचं.

तिला मी पुन्हा फोन केला, माफी मागितली, जाड टोकाची सुई कुरियरनं पाठवली. तिनं ती बसवली आणि फोन यंत्रापाशी धरला. आजीची तबकडी खरंच साधी होती, ग्रुपवाल्यांचं त्यात चुकलं नव्हतं. माझ्याकडेच तिच्या दोन प्रती आहेत. पण पलीकडून आजीचा आवाज आला, ती पुढची ओळ आधीच म्हणत होती. मग तीन मिनिटांनी सुई आतल्या पट्टीत टकटक करत राहिली आणि दोघींपैकी कुणीच ती उचलली नाही.

आता ती मुलगी दर रविवारी आजोबांच्या डायरीतली दोन पानं संगणकावर उतरवते आणि मला पाठवते. तारखांसकट. त्यातून मला पहिल्यांदा कळलं की आपल्या भागात कोणती तबकडी निघाल्यावर किती दिवसांत दुकानात यायची. हे काकांच्याही वहीत नव्हतं.

गवई भास्करबुवा बखले 1922 साली गेले. कर्णा होता, मेण होतं, कंपन्यांचे लोक गावोगाव फिरत होते, आणि तरी त्यांचा आवाज आपल्याकडे नाही. त्याला आपण काही करू शकत नाही. पण अब्दुल करीम खाँसाहेब 1937 मध्ये जाण्याआधी ओडियन कंपनीसाठी गाऊन गेले, आणि मिरजेच्या दर्ग्यात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं तेव्हा मांडवातले अर्धे लोक त्याच तीन मिनिटांच्या तबकड्यांवर वाढलेले असतात. त्या गर्दीत विशीतली पोरं पुष्कळ असतात. ती आपल्याकडे येत नाहीत कारण आपण कुठे बसतो ते त्यांना माहीत नाही. आपण घराघरांत, दारं लावून बसतो.

तेव्हा मी माझ्यापुरतं ठरवलंय. पुढच्या महिन्यापासून दर दुसऱ्या रविवारी सकाळी नऊ ते बारा आमच्या घराचा दिंडी दरवाजा उघडा राहील. यंत्र बाहेर ओसरीवर. भाषण नाही, सत्कार नाही, नारळ तर नाहीच. कुणीही यावं, तबकडी आणावी, नसेल तर नुसतं यावं. चावी पोरांना फिरवू द्यायची. (फुटेल हो एखादी. चार मी मारल्याच आहेत.) एका कोपऱ्यात वही राहील, आणि जे वाजलं त्याचा आकडा, नाव, गती ज्यानं ओळखलं त्यानंच स्वतःच्या अक्षरात लिहायचं. संध्याकाळी त्या पानांचे फोटो सगळ्यांना. कोल्हापूर, सातारा, बेळगाव, पणजी, जिथे दोघंतिघं असाल तिथे असंच काही करता आलं तर करा. नाही जमलं तर निदान फोटो पाठवा.

पहिल्या रविवारी या अकरा वाजवायच्या आहेत. सहा पुरुष, चार बायका, आणि एकीवर नुसती सनई. तीनचार तुमच्यापैकी कुणाला तरी पहिल्या आलापातच कळतील, माझी खात्री आहे. ज्यांना कळतील त्यांनी पोहे होईपर्यंत गप्प बसायचं नाही.

येताना बॅटरी आणा. आकडा तिरप्या उजेडातच नीट दिसतो.

आपला,
गावभाग, सांगली इथला एक तबकडीवाला